मुंबईबाहेरची वाट: सामूहिक प्रोत्साहन योजनेचा इतिहास

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा राज्याची कारखानदारी म्हणजे प्रामुख्याने मुंबई आणि तिला लागून असलेला ठाण्याचा पट्टा. पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला होता, खडकी-देहूरोडला लष्करी कारखाने होते, सोलापूर आणि नागपूरला जुन्या कापडगिरण्या होत्या. किर्लोस्करवाडी आणि वालचंदनगर ही गावे उद्योजकांनी स्वतःच्या हिकमतीवर माळरानात वसवली होती. एवढी नावे घेतली की यादी संपत असे. मराठवाडा तर जेमतेम बारा वर्षांपूर्वी निजामाच्या राजवटीतून सुटला होता. तिथे कारखाना म्हणजे कापसाचे जिनिंग आणि तेलाचा घाणा.

मुंबईत सगळे एकवटले त्याला कारणे होती. बंदर तिथे, बँका तिथे, टाटांच्या धरणांवरची वीज तिथे, गिऱ्हाईकही तिथेच. कारखानदार अडाणी नव्हता. बीडला किंवा चंद्रपूरला कारखाना काढायचा तर कच्चा माल लांबून आणा, तयार माल लांब पाठवा, यंत्र बिघडले तर मेकॅनिक मुंबईहून बोलवा. हा सगळा जादा खर्च त्याने का सोसावा? या प्रश्नाला सरकारने पुढे जे उत्तर दिले, त्याचे नाव सामूहिक प्रोत्साहन योजना. इंग्रजीतल्या ‘पॅकेज स्कीम ऑफ इन्सेंटिव्हज’चे हे सरकारी मराठी. उद्योगांच्या वर्तुळात मात्र तिला नुसते ‘पीएसआय’ म्हणतात.

सरकारला उत्तर शोधणे भाग होते, कारण प्रश्न अर्थकारणापुरता उरला नव्हता. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला विकासाच्या समान वाट्याचे वचन दिले होते. ‘मुंबईसाठी आम्हाला महाराष्ट्रात घेतले आणि मुंबईच मोठी केली’ ही तक्रार नव्या राज्याला परवडणारी नव्हती. दुसरीकडे मुंबईचाही श्वास कोंडला होता. १९५८ मध्ये नेमलेल्या स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने खाडीपलीकडे नवे नगर वसवण्याचा विचार मांडला. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही मुंबई-पुण्यावरचा भार हलवण्यावर भर दिला. कारखाने बाहेर न्यायचे, यावर फारसा वाद नव्हता. न्यायचे कसे, हा प्रश्न होता.

पहिले पाऊल जमिनीचे होते. १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली एक छोटा समारंभ झाला आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आजची ‘एमआयडीसी’, सुरू झाले. जमीन संपादन करायची, रस्ते आखायचे, पाणी आणायचे आणि आखलेला प्लॉट उद्योजकाच्या हाती द्यायचा, हे त्याचे काम. पुढे हे नाव इतके रुळले की गावोगावी औद्योगिक वसाहतीलाच लोक एमआयडीसी म्हणू लागले.

दुसरे पाऊल पैशाचे. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६४ मध्ये, मुंबई-पुण्याच्या विकसित पट्ट्याबाहेर नवा कारखाना काढणाऱ्याला किंवा जुना वाढवणाऱ्याला सवलतींचा एक संच देऊ करण्यात आला. सुरुवातीला त्यात करपरतावा, शुल्कमाफी असे बेताचेच काही होते. ३१ मार्च १९६६ रोजी ‘सिकॉम’ ही वित्तसंस्था स्थापन झाली आणि योजना राबवण्याचे काम तिच्याकडे आले. कर्ज देणारी संस्था आणि सवलत मंजूर करणारी संस्था एकच झाल्याने उद्योजकाची धावपळ वाचली. सुरुवातीच्या यशात या साध्या प्रशासकीय सोयीचा वाटा मोठा आहे असे मला वाटते, आणि तो फारसा सांगितला जात नाही.

त्याच सुमारास दिल्लीतही हाच विचार सुरू होता. मागास भाग कोणते हे ठरवायला पांडे कार्यगट आणि त्यांना काय द्यायचे हे ठरवायला वांछू कार्यगट, अशा दोन गटांचे अहवाल १९६९ मध्ये आले. त्यातून केंद्राचे थेट भांडवली अनुदान सुरू झाले: आधी गुंतवणुकीच्या १० टक्के, १९७३ पासून १५ टक्के. महाराष्ट्रातले रत्नागिरी, औरंगाबाद आणि चंद्रपूर हे तीन जिल्हे त्यासाठी निवडले गेले. १९७४ मध्ये आयकर कायद्यात ८०एचएच हे कलम आले आणि मागास भागातल्या नव्या उद्योगाच्या नफ्यातला २० टक्के हिस्सा करपात्र उत्पन्नातून वजा होऊ लागला. डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणाने दहा लाखांहून मोठ्या शहरांच्या हद्दीत नवे परवाने देणे थांबवले. म्हणजे एका बाजूने महानगराचे दार बंद होत होते आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जाणाऱ्याच्या हातात पैसे ठेवले जात होते.

राज्याच्या योजनेत १९६९, १९७३ आणि १९७६ मध्ये फेरफार झाले, पण तिचा खरा कायापालट १९७९ मध्ये झाला. विक्रीकर ही तिची मुख्य ताकद बनली. विक्रीकर हा राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा झरा. त्यातला वाटा सोडायची तयारी राज्याने दाखवली.

ही सवलत चालायची कशी, ते नीट पाहायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्यातून निघते. तिचे दोन मुख्य प्रकार होते. पहिला माफीचा: कारखानदाराने मालावर विक्रीकर लावायचाच नाही, म्हणजे त्याचा माल बाजारात तेवढा स्वस्त. दुसरा स्थगितीचा, ज्याला सगळे ‘डिफरल’ म्हणत. समजा, १०,००० रुपयांच्या वस्तूवर १० टक्के कर आहे. गिऱ्हाईक ११,००० रुपये मोजणार, त्यातले १,००० सरकारचे. डिफरलमध्ये कारखानदार ते हजार रुपये वसूल करतो, पण सरकारजमा न करता काही वर्षे स्वतःकडे वापरतो आणि मुदत संपल्यावर हप्त्याहप्त्याने फेडतो, तेही बिनव्याजी. बँकेचे व्याज दोन आकड्यांत असलेल्या त्या काळात बिनव्याजी खेळते भांडवल म्हणजे केवढी मोठी गोष्ट होती, हे ज्यांनी तेव्हा धंदा केला त्यांना सांगावे लागत नाही.

एकूण सवलतीला स्थिर भांडवलाच्या प्रमाणात मर्यादा होती. तालुका जितका मागास, तितकी मर्यादा मोठी आणि मुदत लांब. कागदपत्रांचे दोन टप्पे असत: सिकॉम, प्रादेशिक विकास महामंडळ किंवा छोट्या उद्योगांसाठी जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडून पात्रता प्रमाणपत्र, मग विक्रीकर खात्याकडून हक्काचे प्रमाणपत्र. गुंतवणुकीचा प्रत्येक रुपया बिलांनिशी दाखवावा लागे. कारखान्याच्या पायाभरणीइतकीच ही फाइल महत्त्वाची असे.

या डिफरलचे एक उदाहरण न्यायालयीन नोंदींत तपशीलवार सापडते. सल्झर इंडिया या कंपनीने १९८९ ते १९९६ या काळातला सुमारे साडेसात कोटी रुपयांचा विक्रीकर असा स्वतःकडे ठेवला होता. पुढे राज्याने कायदा बदलून कंपन्यांना मुभा दिली, की पुढच्या हप्त्यांची आजची किंमत एकरकमी भरा आणि मोकळे व्हा. कंपनीने सुमारे ३ कोटी ३७ लाख भरले आणि देणे संपले. उरलेले चार कोटींहून अधिक हे कंपनीचे उत्पन्न धरून त्यावर कर घ्यावा, असे आयकर खात्याचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ते नाकारले: आज भरलेले साडेतीन आणि अनेक वर्षांनी भरायचे साडेसात यांचे मोल एकच, मग माफी झाली कुठे? पुढे सर्वोच्च न्यायालयानेही अशाच प्रकरणात हीच भूमिका घेतली. न्यायालयाचा तर्क बिनचूक आहे. पण याच हिशेबातून सवलतीचे खरे मोलही कळते. साडेसात कोटींच्या करातून सरकारच्या हाती, तेही उशिराने, साडेतीनच्या आतबाहेर आले. उरलेली रक्कम कारखाना मागास भागात आणल्याबद्दल राज्याने मोजली.

मग कारखाने आले का? आले. कुठे आले, हे बघण्यासारखे आहे. नवे कारखाने सवलतीच्या रेषेच्या पलीकडे पडले, पण शक्यतो रेषेला चिकटूनच. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की खंडाळा तालुका लागतो. जिल्हा बदलतो, सवलतीचा गट बदलतो, पुणे मात्र तासाभराच्या अंतरावरच राहते. शिरवळचा औद्योगिक पट्टा असा वाढला. नाशिकजवळ सिन्नर आणि मुंबईखाली पाताळगंगा, रोहा यांचीही हीच गोष्ट. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभारलेला कारखाना १९७९ च्याच योजनेचा लाभार्थी होता. ती सवलत भांडवली स्वरूपाची की महसुली, या प्रश्नावरचा आयकर न्यायाधिकरणाचा निकाल पुढे वर्षानुवर्षे वकिलांच्या तोंडी राहिला. बी. शिवरामन यांच्या राष्ट्रीय समितीने १९८० च्या सुमारास देशभराचा आढावा घेतला, तेव्हा केंद्रीय अनुदानाबाबतही हेच दिसले: पैसा गेला तो मोजक्या जिल्ह्यांत, आणि त्यांतही मोठ्या शहरांच्या आसपासच्यांत.

याला ठळक अपवाद वाळूजचा, आणि त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे.

बजाज ऑटोचा मूळ कारखाना आकुर्डीचा. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत, त्या काळात कंपनीला दुसरा कारखाना हवा होता. तो तिने औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला काढला. सोळा महिन्यांत उभा राहिलेल्या या कारखान्याचे उद्घाटन ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. विक्रीकराची सवलत हे तिथे जाण्यामागचे मोठे कारण होते, यात शंका नाही. पण नुसत्या सवलतीवर वाळूज झाले असते, तर मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्यात एकेक वाळूज दिसले असते.

वाळूजला आणखी बरेच काही जुळून आले होते. पैठणला जायकवाडीचे धरण १९७० च्या दशकात पुरे झाले होते आणि तिथून एमआयडीसीने उद्योगांसाठी पाणी उचलले. शहरात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होते. चिकलठाण्याच्या वसाहतीत छोटे-मोठे कारखाने आधीपासून होते आणि स्थानिक उद्योजकांची स्वतःची संघटनाही होती. शिवाय जो कारखाना आला तो जोडणीचा होता. दुचाकीला शेकडो सुटे भाग लागतात, ते करणारा जवळ असला तर बरे. त्यामुळे बजाजमागोमाग पुरवठादार आले, आणि काही तिथेच घडले. आज देशभर नाव असलेल्या एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या सुट्या भागांच्या कंपन्या इथल्याच. प्रेसच्या कामापासून, कास्टिंगपासून सुरुवात केलेले शेडमधले कितीतरी उद्योजक या साखळीत उभे राहिले. इंडो-जर्मन टूल रूमने डाय आणि मोल्ड करणारे कारागीर तयार केले. गंगापूर आणि पैठण तालुक्यांतली शेतकऱ्यांची मुले आयटीआय करून पाळीवर जाऊ लागली. मराठवाड्याच्या त्या भागात महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार येणारे घर ही नवी गोष्ट होती. शेंद्रा-बिडकीनचे ‘ऑरिक’ हे आजचे औद्योगिक शहर या वाळूजच्याच पुण्याईवर उभे आहे.

हिंगोलीला किंवा गडचिरोलीला सवलतीची मर्यादा औरंगाबादहून मोठी असूनही हे घडले नाही. गडचिरोली १९८२ मध्ये वेगळा जिल्हा झाला आणि सवलतींच्या कोष्टकात त्याचा समावेश दीर्घकाळ ‘विनाउद्योग जिल्हा’ या रकान्यात होत राहिला. विक्रीवरचा कर माफ होतो तो विक्री झाली तर. रस्ता नाही, अखंड वीज नाही, फिटर-वेल्डर नाहीत अशा ठिकाणी विकायला माल तयार होणार कुठून? १९८४ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने राज्याचा अनुशेष ३,१८६.७८ कोटी रुपये काढला, तेव्हा त्यातला ३९ टक्क्यांहून अधिक विदर्भाचा आणि २३ टक्क्यांहून अधिक मराठवाड्याचा निघाला. तो अनुशेष रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, विजेचा होता. कारखाना ज्याच्या आधाराने उभा राहतो त्याच गोष्टींचा.

१९८८ आणि १९९३ मध्ये योजना आणखी उदार झाली. पण तोवर मैदानात महाराष्ट्र एकटा नव्हता. गुजरातने विक्रीकराच्या मोठ्या सवलती दिल्या. दमण आणि सिल्व्हासा मुंबईपासून चार तासांवर करमाफीची दुकाने मांडून बसले. १९९३ पासून आयकर कायद्याने औद्योगिकदृष्ट्या मागास राज्यांतल्या नव्या उद्योगांना पाच वर्षे संपूर्ण आयकरमाफी दिली. त्या यादीत गोवा होते, दमण होते. सीमेच्या अलीकडचा सिंधुदुर्ग मात्र प्रगत महाराष्ट्रात असल्याने यादीबाहेर राहिला. १९९१ मध्ये परवानापद्धती मोडीत निघाल्यावर कारखाना कुठे काढायचा हे बहुतांशी कारखानदाराच्या मर्जीवर आले, आणि राज्ये एकमेकांवर बोली लावू लागली. हरियाणा इतके देते, तुम्ही किती देता? ही भाषा मंत्रालयात नेहमीची झाली. सगळ्यांनीच कर सोडला तेव्हा कोणालाच फायदा उरला नाही, तिजोऱ्या मात्र सगळ्यांच्याच रित्या झाल्या.

अखेर १६ नोव्हेंबर १९९९ रोजी केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी बोलावलेल्या बैठकीत राज्यांनी दोन गोष्टी मान्य केल्या: १ जानेवारी २००० पासून विक्रीकराचे समान किमान दर, आणि नव्या उद्योगांना विक्रीकरावर आधारलेल्या सवलती बंद. हा निर्णय शहाणपणाचा होता. सर्व राज्यांनी एकत्र बसून आपापले हात बांधून घेतल्याचे असे प्रसंग आपल्या संघराज्यात थोडेच. पुढच्या व्हॅटची आणि जीएसटीचीही ती पायाभरणी ठरली.

पण बोली थांबली नाही, तिने रूप बदलले. आणि या वेळी केंद्रच उतरले. जानेवारी २००३ मध्ये उत्तराखंड (तेव्हाचे उत्तरांचल) आणि हिमाचल प्रदेशला विशेष पॅकेज मिळाले: दहा वर्षे उत्पादनशुल्क माफ, पहिली पाच वर्षे आयकर पूर्ण माफ. त्या डोंगरी राज्यांची गरज खरी होती. महाराष्ट्राला त्याची किंमत २००७ मध्ये मोजावी लागली. बजाजने उत्तराखंडात पंतनगरला नवा कारखाना सुरू केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आकुर्डीतले वाहनउत्पादन बंद केले. आकुर्डीच्या कामगारांसाठी तो मोठा धक्का होता. ज्या तर्काने एका पिढीपूर्वी वाळूजला कारखाना मिळाला, त्याच तर्काने आता आकुर्डीचा गेला. वाळूजचा मात्र राहिला. तिथल्या जुन्या सवलती केव्हाच संपल्या होत्या, पण पुरवठादारांची साखळी, पाणी आणि हाताला सवय झालेले कामगार तिथेच होते.

महाराष्ट्राने २००१ मध्ये बिगर-विक्रीकर सवलतींची नवी योजना आणली: वीजशुल्क आणि मुद्रांकशुल्काची माफी वगैरे. मग मेगा प्रकल्पांचे धोरण आले आणि २००७ च्या योजनेत ‘औद्योगिक विकास अनुदान’. उद्योगाने कर रीतसर भरायचा आणि सरकारने त्या प्रमाणात अनुदान परत द्यायचे. विक्रीकराची सवलत पुढच्या दारातून गेली होती, ती मागच्या दाराने आत आली. मेगा धोरणाने एक मोठा बदल केला, ज्याची चर्चा तेव्हा पुरेशी झाली नाही. ५०० कोटींची गुंतवणूक किंवा १,००० रोजगार असतील तर ‘ए’ आणि ‘बी’ गटांतल्या, म्हणजे विकसित भागांतल्या प्रकल्पालाही खास सवलती मिळू लागल्या. १९६४ ची योजना मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्यासाठी होती, आता प्रकल्प पुरेसा मोठा असेल तर बाहेर जाण्याची अट उरली नाही. चाकण-तळेगाव-रांजणगाव पट्ट्यात याच वर्षांत वाहनउद्योगाची जागतिक नावे आली. ती आली हे चांगलेच झाले. पण मागास भागासाठी राखलेल्या साधनाचा रोख त्या भागावरून हलला, हेही तितकेच खरे.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर अनुदान राज्याच्या वाट्याच्या जीएसटीशी जोडले गेले. २०१३ आणि २०१९ च्या योजनांनी तालुक्यांचे गट नव्याने आखले. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विजेच्या दरातही सवलत आली, आणि मला हे पाऊल करसवलतीहून अधिक योग्य वाटते, कारण तिथल्या जुन्या, चालू कारखान्यालाही त्याचा उपयोग होतो.

साठ वर्षांचा हिशेब मांडला तर करसवलतीने महाराष्ट्राची कारखानदारी मुंबईबाहेर नेली हे नि:संशय. तारापूर ते लोटे, सिन्नर ते बुटीबोरी अशी औद्योगिक वस्ती झाली, त्यात तिचा वाटा आहे. पण मागासलेपण हटवण्याचे काम तिने एकटीने कुठेच केले नाही. जिथे पाणी, वीज, शिक्षण आणि एक मोठा जोडणी-कारखाना एकत्र आले, तिथेच सवलतीचा पैसा रुजला.

आज राज्य उद्योगांना दरवर्षी मोठ्या रकमा अनुदानापोटी देते. प्रत्येक तालुक्यात कोणत्या प्रकल्पाला किती दिले, त्या बदल्यात किती कायम नोकऱ्या आल्या आणि मुदत संपल्यावर कारखाना चालू राहिला की नाही, याचा सलग तक्ता सामान्य नागरिकाला एका जागी सहज वाचता येईल असा मिळायला हवा. हा पैसा तुमच्या-आमच्या करातला आहे. पुढचे औद्योगिक धोरण जाहीर होईल तेव्हा आपल्या आमदाराला हा तालुकावार हिशेब विधिमंडळात मागायला सांगा.